पाटी बेलापूरची, गाव श्रीरामपूर

रेल्वेनं श्रीरामपूरला यायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. दौंड–मनमाड मार्गावरच्या या स्थानकाच्या पाटीवर गावाचं नाव नाही. मूळचं बेलापूर प्रवरेच्या काठी, इथून काही मैलांवर. बेलापूरला जाणारा माणूस इथं उतरायचा, म्हणून स्थानकाभोवतीच्या वस्तीला लोक ‘बेलापूर रोड’ म्हणू लागले. वस्तीची पेठ झाली, पेठेचं श्रीरामपूर झालं. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. स्थानकाच्या पाटीवर मात्र अजून बेलापूरच आहे.

या तालुक्यातल्या कोणत्याही घरात बसा, तासाभरात एक वाक्य कानावर येतंच: “आपल्याकडं सगळं उशिराच येतं बघा.” सिनेमा, फॅशन, फोन, नवी गाणी, शब्दांची नवी तऱ्हा, सगळं आधी मुंबई, मग पुणे, मग नाशिक-नगर, आणि उरलंसुरलं आपल्याकडं. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला गेलेल्या आपल्या पोरांनी “तुला हेपण माहीत नाही?” हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे, की काहींनी घरी फोनवर बोलतानासुद्धा आपली नगरी बोली सोडून दिली. त्या पोरांना ही पाटी दाखवावीशी वाटते. गाव रेल्वेपेक्षा वयानं लहान आहे. त्या काळातलं सगळ्यात नवं यंत्र आधी आलं आणि त्याच्या मागोमाग हे गाव जन्मलं. अशा गावाला मागासलेलं म्हणण्याआधी, काय लवकर आलं आणि काय उशिरा, याचा हिशोब नीट मांडायला हवा.

दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात त्याच्या मातीकामावर भुकेली माणसं राबली. मुंबईहून निघणाऱ्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा हा दुवा सरकारला सैन्यासाठी, धान्यासाठी आणि व्यापारासाठी हवा होता. मधल्या खेड्यांना तो हवा आहे का, हे विचारायचं कारण कोणाला पडलं नाही. पुढं भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. प्रवरेच्या दोन्ही तीरांचे कालवे वाहू लागले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस आला म्हणून हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना झाली, त्या कारखान्याचा परिसर आज टिळकनगर म्हणून ओळखला जातो. परदेशातून आलेली यंत्रं, वाफेवर फिरणारे चरक, बगॅसवर पेटणारे बॉयलर हे सगळं इथल्या माणसानं, मुंबईतल्या पुष्कळ कारकुनांनी असलं काही पाहिलं नसेल तेव्हा पाहिलं आहे. तेव्हा हा मुलूख यंत्राच्या बाबतीत मागे होता, असं कोणी म्हणू नये.

पण त्याच वेळी कारखान्याच्या आवाराबाहेर, हाकेच्या अंतरावरच्या वस्तीत, रॉकेलची चिमणी होती. विहिरीवर मोट होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत वीज खेडोपाडी पोचली. म्हणजे कारखान्याचा भोंगा आधी ऐकू आला आणि घरातला दिवा एक-दोन पिढ्यांनी लागला. माझं म्हणणं इथंच आहे. इथून काही न्यायचं होतं तेव्हा नवं तंत्र धावत आलं, कर्ज काढून आलं, दुष्काळातही आलं. इथल्या माणसाच्या घरात, कानात, हातात काही द्यायचं होतं तेव्हा त्याला रांगेत उभं केलं गेलं. या रांगेलाच आपण ‘मागासपण’ हे नाव देऊन बसलो, आणि ते नाव रांग लावणाऱ्याला चिकटायचं सोडून रांगेत उभ्या असलेल्याला चिकटलं.

खंडकऱ्यांचं प्रकरण याच हिशोबातलं. साखर कंपन्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं त्या कंपन्यांकडून सरकारकडं गेल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. मूळ मालकांच्या वारसांना जमीन परत मिळायला लागली तोपर्यंत अर्धं शतक सरत आलं होतं. यंत्र पहिल्या गाडीनं आलं आणि हक्क शेवटच्या गाडीनं. जमीन परत मागायला मोर्च्यांत चाललेली कितीतरी माणसं तोवर गेली.

रांग मोडल्याचाही दाखला याच भागात आहे. १९५० च्या अखेरीस लोणीला, तेव्हाच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. तो उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील शाळेत फारसे गेलेले नव्हते. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या साथीला आले आणि कारखान्याचे अध्यक्ष झाले. शहरी मोजपट्टीनं अडाणी ठरेल असा शेतकरी आणि विद्यापीठात मानानं बसेल असा विद्वान एकाच ओसरीवर बसले. त्यांनी यंत्र मागितलं, पण मालकी स्वतःकडं ठेवून मागितलं. त्याच साखरेच्या पैशातून पुढं शाळा आणि दवाखाने उभे राहिले. पुढच्या काळात सहकाराचं काय झालं, हे इथल्या सभासदाला मी सांगायची गरज नाही. तरी मालकी गावाकडं असली की नव्या गोष्टींचा क्रम बदलतो, हे तेव्हा दिसलं ते खरंच होतं.

आता करमणुकीकडं येतो. इथला उशीर मात्र मला मनापासून आठवतो. सिनेमाच्या प्रती मोजक्याच निघत. मुंबईत पंचवीस आठवडे, मग पुण्यात, मग जिल्ह्याच्या गावी, आणि तिथून घासून, चरे पडून, तुकडे जोडून ती पेटी तालुक्याला यायची. पेटी आली की गावभर बातमी व्हायची. कधी मधलं रीळ गायब असायचं, कधी गाण्याचं अर्धं कडवं. आम्ही ते गाणं विविध भारतीवर आधीच इतक्यांदा ऐकलेलं असायचं, की तुटलेलं कडवं थिएटरातली माणसं स्वतः म्हणून पुरं करायची. त्या अंधारातला तो सूर मला आजही ऐकू येतो. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, तो त्याहून जुना असायचा. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. इकडं घराघरांत टीव्ही आला तो पुढच्या दशकात. ‘रामायण’ १९८७ मध्ये लागलं तेव्हा ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी रविवारी सकाळी अख्खी गल्ली. पडद्यापुढं चपला काढून, हात जोडून बसलेल्या आजीबाई मी पाहिल्या आहेत.

त्या उशिरानं आमचं काय गेलं? थट्टा झाली, एवढंच. शिळा सिनेमा सगळ्या गावाला एकाच दिवशी ताजा होता. आणि आमच्याकडं स्वतःचं काही नव्हतं असंही नाही. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांचा फड ट्रकवर तंबू लादून जत्रांमधून फिरत होता. फडांनी सिनेमाची नवी गाणीसुद्धा लावणीच्या बैठकीत आणून बसवली. शहराला तो तमाशा जुनाट वाटे, पण शहराची नवलाई आमच्यापर्यंत सगळ्यांत आधी पुष्कळदा त्याच रंगमंचावरून आली. कोण कोणाच्या मागे होतं, हे सांगणं तितकं सोपं नाही.

फोनचं दुःख मात्र खरं दुःख होतं. ट्रंककॉल लावून बसायचं, अर्जंट लावला तर पैसे दुप्पट, आणि लागला तर समोरच्या शेजाऱ्याला “जरा बोलावून देता का” म्हणून विनवायचं. तार आली की बाई आधी रडायला लागायची, मजकूर नंतर वाचला जायचा. १९८० च्या दशकात एसटीडीचे बूथ आले, रात्री दर उतरला की रांगा लागायच्या. मुंबईला दवाखान्यात असलेल्या माणसाची खबर वेळेत न मिळाल्यानं ज्यांना अंत्यदर्शन झालं नाही, अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. सिनेमाच्या उशिरात आणि या उशिरात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक उशीर हौसेचा, दुसरा गरजेचा.

हौसेचा उशीर संपला. १९९० नंतर केबल आली, मग मराठी वाहिन्या आल्या, सिनेमा डिजिटल झाला तशी पेटीची वाट पाहणं थांबलं. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा तो करमाळ्याच्या मातीतून निघून शहरांच्या मल्टिप्लेक्सपर्यंत गेला, उलट्या दिशेनं. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त डेटा सुरू झाला. आज श्रीरामपूरच्या मेन रोडवरचा पोरगा आणि मुंबईचा पोरगा एकच रील एकाच मिनिटाला पाहतात. वसतिगृहातला तो प्रश्न आता फारसा कोणी विचारत नाही.

मग मी आज हे का लिहितो आहे? कारण गरजेचा उशीर संपलेला नाही, आणि त्याच्यावर आता दंड बसतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. चांगली सोय आहे, तहसीलचे हेलपाटे वाचले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. पूर्वी तलाठी बांधावर येऊन, किंवा न येता, पेरा लिहायचा. आता शेतकऱ्यानं आपल्या मोबाइलवर, आपल्या गटात उभं राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची. नोंद नसेल तर पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, प्रत्येक ठिकाणी अडचण. शेतकरी सन्मान निधीच्या हप्त्यासाठी केवायसी करायची, तिथं मेहनतीनं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. जुना सिनेमा उशिरा पाहिला म्हणून कोणाचं अनुदान अडलं नव्हतं. नवं ॲप उशिरा कळलं तर हंगाम जातो.

तंत्राला माझा विरोध नाही. या गावाचा जन्मच तंत्रातून झाला आहे, त्याला विरोध करणं म्हणजे आईला विरोध करणं. ई-पीक पाहणीमुळं शेतकऱ्याचा पेरा शेतकऱ्याच्या हातात आला, हे मोठं काम झालं. मागे राहिलेल्यांसाठी गावोगाव सहायक नेमायला सुरुवात झाली, तेही योग्यच. पण क्रम पाहा, तोच जुना आहे. माणसाकडून जे घ्यायचं, म्हणजे त्याचा फोटो, ठसा, ओटीपी, ते आज सकाळी हवं. त्याला जे द्यायचं ते “सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” ज्या मार्गानं गावाला जन्म दिला, त्याच्या दुहेरीकरणाचं काम निघायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, आणि तोवर प्रवासी एकेरी रुळावर समोरच्या गाडीची वाट पाहत बसून राहिले. त्याच प्रवाशानं आज मुदत ओलांडली की दंड मात्र त्यालाच बसतो.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या दिवशी एखादी सोय मोबाइलवर सक्तीची होईल, त्या दिवसापासून कागदाची वाट बंद करू नका. गावातला शेवटचा माणूस स्वतःच्या बोटानं नोंद करायला शिकेपर्यंत चावडीवर वही उघडी राहू द्या, आणि तिच्यावर सही करणारा माणूस बसू द्या. तलाठ्याच्या त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. लोक अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतात.

प्रवरेच्या कालव्याखाली पावसाळ्यात जाऊन पाहा. ऊस माणसाच्या डोक्याच्या बराच वर गेलेला असतो. मधोमध उभं राहिलं की आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो, आणि मोबाइलवरचा गोल फिरत राहतो. सत्तरीचा शेतकरी हात उंच करून उभा असतो. बांधावर चप्पल काढून ठेवलेला नातू आतल्या बाजूला ओरडतो, “आजोबा, अजून दोन पावलं पुढं सरका, रेंज येतीय.” आजोबा पाचटातून दोन पावलं पुढं सरकतात.