विमानाचं पांघरूण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचा महिना रिलीजच्या गडबडीत गेला. या शनिवारी मात्र पुण्याहून घरी, सावद्याला आलो आणि दोन दिवस एका वेगळ्याच उद्योगात गेले. ऐकून हसाल, पण मी विमानासाठी कापड शोधत होतो.

झालं असं, की माझा कॉलेजातला एक सिनिअर चार वर्षांपासून एका शेडमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. पंख झाले, कॅनोपी बसली. कॅनोपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचा तो पारदर्शक घुमट. त्याचा फोन आला, "अरे, तुमच्या सावद्यात ताडपत्रीवाले खूप ना? कॅनोपीसाठी एक कव्हर शिवून आण ना." त्याच्या लेखी हे पाच मिनिटांचं काम. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आता माझं मत आधीच सांगून टाकतो. ताडपत्री अजिबात नको. आणि घरी बनवलेल्या विमानाच्या बाबतीत कव्हर ही शेवटी उरलेल्या पैशात उरकायची वस्तू नाहीच.

का ते सांगतो. कॅनोपी काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते. अ‍ॅक्रिलिक हलकं आणि स्वच्छ, पण मऊ. धुळीतले वाळूचे कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. धुळीने भरलेल्या कॅनोपीवर कव्हर टाकलं आणि वारा सुटला की ते कापड दिवसभर पॉलिश पेपरसारखं घासत बसतं. मी हे स्वतःच्या गाडीवर भोगलंय. दोन वर्षांपूर्वी एक स्वस्तातलं चंदेरी 'वॉटरप्रूफ' कव्हर घेतलं आणि एप्रिल-मे गाडी अंगणात झाकून ठेवली. जूनमध्ये काढलं तर हेडलाइटचं प्लास्टिक मोतीबिंदू झाल्यासारखं धुरकट! गाडीचं ठीक आहे हो, पण विमानाचं काय? बारीक ओरखडे सावलीत दिसत नाहीत. संध्याकाळी सूर्य समोर ठेवून उतरायची वेळ आली की प्रत्येक ओरखडा चमकतो आणि ऐन धावपट्टीच्या जागी पांढरा पडदा दिसतो. म्हणजे कापडाची निवड ही थेट वैमानिकाच्या नजरेची गोष्ट आहे.

दुसरा शत्रू ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. अशा उन्हात बंद कॉकपिटमध्ये तापमान सहज 60 च्या वर जातं. उपकरणांचे डिस्प्ले, सीटचा फोम, वायरिंगचं प्लास्टिक, सगळं शिजतं. म्हणून कव्हरचा रंग फिकट हवा. गडद निळा दिसतो झकास, पण तापतोही झकास.

तिसरा शत्रू म्हणजे अडकलेली वाफ. इथे मला इंटरनेटपेक्षा केळीच्या बागेने जास्त शिकवलं. सावदा-रावेर पट्ट्यात केळीच्या घडाला स्कर्टिंग बॅग घालतात, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. थंडी, धूळ, फुलकिडे यांपासून घड वाचतो, साल चकचकीत राहते. पण पॉलिथिनच्या पिशवीला भोकं असतात. नसतील तर आत उष्णता आणि ओल कोंडते आणि झाकलेला घडच खराब होतो. विमानाचंही तेच. पूर्ण वॉटरप्रूफ कापडाखाली रात्रीचं दव आणि जमिनीतली ओल अडकते, वर सकाळचं ऊन. त्यामुळे कापड पाणी झटकणारं पण हवा खेळू देणारं हवं. थोडी ओल आत गेली तरी चालेल, तिला बाहेर पडायला वाट हवी.

मग घ्यायचं कोणतं? सुती कॅनव्हास हवा खेळू देतो, पण भिजला की जड होतो आणि बुरशी धरतो. नायलॉन मजबूत, पण उन्हात लवकर कुजतं आणि ओलं झालं की सैल पडतं. पॉलिएस्टर त्यापेक्षा बरं, हलकं आणि ताण धरून ठेवणारं. उघड्यावर वर्षानुवर्षं टिकायचं तर सोल्युशन-डाइड अ‍ॅक्रिलिक, जे बोटींच्या छतांना वापरतात. त्यात रंग धाग्यावर चढवलेला नसतो, धागा बनतानाच त्यात मिसळलेला असतो. हळकुंड मोडलं तरी आत पिवळंच, तसं. वजन साधारण 300 ग्रॅम प्रति चौरस मीटर. पाच चौरस मीटर कव्हर धरलं तर दीड किलो. पातळ पॉलिएस्टरमध्ये तेच अर्ध्या किलोच्या आसपास बसतं. कव्हर सोबत घेऊन उडायचं असेल तर पॉलिएस्टर, विमान एका जागीच उभं राहणार असेल तर अ‍ॅक्रिलिक. दोन्हींत कॅनोपीला टेकणारा भाग आतून मऊ अस्तराचा हवा, आणि ते अस्तर वरचेवर धुवायला हवं.

शिलाईचं गणित मला आमच्या ताडपत्रीवाल्या काकांनी शिकवलं. आधी त्यांनी मला नीट न्याहाळलं. "इमानाले पांघरून शिवू राह्यला का भाऊ?" मग कापड हातात घेऊन म्हणाले, "कापड पाण्यानं नाही फाटत, फडफडीनं फाटतं. अन् त्याच्या आधी दोरा जातो." चाळीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या माणसाचं हे वाक्य मी जसंच्या तसं डिझाइनमध्ये घेतलं. उन्हात टिकणारा जाड पॉलिएस्टर दोरा, दुहेरी शिवण, पोटाखालून घट्ट बसणारे पट्टे, आणि अ‍ॅक्रिलिकजवळ एकही लोखंडी हूक नाही.

सिनिअरला हे सगळं सांगितलं तर तो वैतागला. "एवढा खर्च कव्हरवर? मी विमान उडवायला बनवतोय की झाकून ठेवायला?"

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर त्याला आवडलं नाही. कॅप्टन अमोल यादव आठवा. 2016 च्या फेब्रुवारीत मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं सहा आसनी विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं गेलं आणि 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं गेलं. होस्टेलवर आम्ही रात्रभर त्यावर गप्पा मारल्या होत्या. नोंदणीसाठी त्यांची खटपट 2011 पासूनची. नोंदणी मिळाली 2017 च्या नोव्हेंबरात, उड्डाणाची परवानगी 2019 च्या ऑक्टोबरात, आणि 2020 मध्ये ते विमान उडालं ते आपल्या खानदेशात, धुळ्याच्या धावपट्टीवर! वर्षांचा हिशोब करा. विमान हवेत किती आणि जमिनीवर वाट बघत किती?

आपल्याकडे घरी विमान बांधणाऱ्याला इंजिन, पंख, वजनाचा तोल सगळं येतं. वाट बघण्याची तयारी मात्र कोणीच डिझाइन करत नाही. कागद पुढे सरकेपर्यंत ऊन, धूळ आणि पाऊस थांबत नाहीत. आणि ज्या दिवशी परवानगी येईल त्या दिवशी कॅनोपी धुरकट निघाली, तर पुन्हा नवी मागवा, पुन्हा बसवा, पुन्हा तपासणी. माणूस इथेच खचतो.

आमच्या क्षेत्रातही हेच चालतं म्हणा. नवीन फीचर लिहायला सगळे पुढे, बॅकअपचं नाव काढलं की सगळे चहाला. असो.

शेवटी सिनिअरने ऐकलं. विमान शेडमध्येच उभं राहणार म्हणून फिकट राखाडी अ‍ॅक्रिलिक ठरलं. काका पुढच्या रविवारी माप घेतील. सोबत मी एक कागद चिकटवून पाठवणार आहे : आधी भरपूर पाण्याने धूळ काढा, मऊ कापडाने टिपा, मगच पांघरूण घाला. अमोनियावाला काच-क्लीनर अजिबात वापरू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

तुमच्याही अंगणात कुठलं स्वप्न झाकून ठेवलेलं असेल, तर एकदा पांघरूण उचलून आतून बघा. ओल धरलीय का ते.