बालाघाटाचे ऋण

'डोंगर' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला असता आमच्या परभणी जिल्ह्यातील बहुतेक मुले हिमालयाच्या बर्फाचे अथवा सह्याद्रीवरील किल्ल्यांचे वर्णन करतात. गंगाखेड व पालमच्या बाजूस पसरलेल्या बालाघाटाचे नाव क्वचितच कोणी काढतो. आणि काढलेच, तर त्यापुढे 'ओसाड वाळवंट' ही दोन पदे हटकून येतात. वडील माणसांच्या तोंडीही हेच शब्द असतात. हे वर्णन आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

हरिश्चंद्रगडापाशी सह्याद्रीपासून फुटून ही रांग आग्नेयेस जाते आणि गोदावरी व भीमा यांची खोरी विभागते. 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. तेव्हा बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून येथील काळा पाषाण घडला. ऊन, पाऊस आणि वारा यांनी तो पाषाण युगानुयुगे झिजवला, आणि त्याचेच चूर्ण सखल भागी साचून आपली काळी कसदार जमीन झाली. ज्या शेतातील कापूस व ज्वारी यांवर आपले संसार चालतात, ते शेत म्हणजे झिजलेला डोंगरच होय. असे असता त्यास निरुपयोगी म्हणणे हे कृतघ्नपणाचे नव्हे काय?

आता वाळवंटाचा विचार करू. राजस्थानातील जैसलमेरास वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस मिळतो. आपल्या जिल्ह्यास सरासरीने त्याच्या चौपट तरी मिळतो. मग उणीव कशाची? येथील खडकाचा एक थर लोखंडासारखा घट्ट, तर दुसरा सच्छिद्र व मुरमाड असतो. उतारावर माती व गवत असेल, तर पाणी रेंगाळते, भेगांतून व मुरमातून मुरते आणि पुढे विहिरींस व झऱ्यांस पुरते. माती वाहून गेली, म्हणजे तेच पाणी दोन घटकांत ओढ्यास मिळते आणि नाहीसे होते. सारांश, येथे कमतरता आहे ती पाऊस धरून ठेवणाऱ्या मातीची. आणि ती माती पुष्कळ अंशी आपणच घालवली आहे.

याच डोंगरांत मनुष्याने पूर्वी वैभव उभारले होते. धाराशिवची लेणी बालाघाटातच कोरलेली आहेत. आद्यकवी म्हणून गौरविलेल्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगराची जी शाखा येते, तिच्यातील नेमगिरी येथे जिंतूरनजीक जैन लेणी आहेत. जेथे पाण्याची सोय नाही, तेथे लेणी कोरणारे कारागीर व तपस्वी राहतील तरी कसे?

पुढे वस्ती वाढली. सरपण, औते व घरांच्या तुळया यांसाठी झाडे गेली, आणि गुरांच्या पायांखाली उतार उघडे पडले. याची साक्ष आपले आवडते सीताफळच देते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. त्याच्या पाल्यास शेळी सहसा तोंड लावत नाही. म्हणून जेथे इतर झाडांची रोपे खाल्ली गेली, तेथे ते टिकून राहिले. फळ गोड खरे, पण त्याचे रान हरवलेल्या रानाची आठवण करून देते.

या हानीचे मोल कोण देतो? १९७२ च्या दुष्काळात हजारो कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर गेली. २०१६ साली याच पठारावरील लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर डोंगराकडील गावांतील पती-पत्नी, उचल घेऊन, 'कोयता' या एका नावाने ऊसतोडीस जातात. त्यांच्या मागोमाग शाळेतील बाके रिकामी होतात. आम्हां शिक्षकांस डोंगराची झीज प्रथम हजेरीपटावर दिसते.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावास आपल्या निम्माच पाऊस मिळतो. तेथील ग्रामस्थांनी १९९० च्या सुमारापासून टेकड्यांवर समतल चर खणले, कुऱ्हाड व मोकाट चराई बंद केली, विंधनविहिरींचे पाणी शेतीस वापरण्यावर बंदी घातली. परिणामी विहिरींस पाणी आले आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

कोणी म्हणेल, "चराई बंद केली, तर गरिबाच्या शेळ्यांनी कोठे जावे?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, सारा डोंगर एकदम बंद करू नये. आळीपाळीने एकेक भाग राखावा आणि तेथील गवत कापून ज्याच्या घरी जनावर आहे त्यास द्यावे. तसेच प्रत्येक माळावर झाडे लावण्याचा हट्टही नको. गवताळ माळ हा काळविटाचा व लांडग्याचा संसार आहे. तो गवताळच शोभतो. पळस, धावडा, खैर यांस ओढ्याकाठी व घळींत जागा द्यावी, इतकेच.

विद्यार्थिमित्रहो, येत्या पावसाळ्यात जवळच्या टेकडीवरून वाहणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, एवढे तरी निरखून वहीत टिपून ठेवा. गढूळ पाणी म्हणजे तुमच्या वडिलांच्या वारशातून वजा होणारी माती होय. पालकवर्गास आमची विनंती अशी की, मुलांसाठी शेताचा बांध जसा राखता, तसाच गावाचा उतारही राखावा. बांधाची वाटणी भावाभावांत होते. डोंगराची होत नाही. म्हणूनच तो कोणाचाच नाही असे आपण मानत आलो. तो सर्वांचा आहे, असे मानणारी पिढी या शाळेतून बाहेर पडेल, तर आमच्या अध्यापनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.