साखर नॉर्मल, पण कशाच्या जोरावर?

आरोग्य शिबिरात बोटाला सुई टोचतात, उपाशीपोटीचा आकडा शंभराच्या आत आला की माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. हा निर्धास्तपणा मला पटत नाही. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाचेक ग्रॅम ग्लुकोज असतं आणि भातपोळीच्या एका जेवणातून त्याच्या दसपट सहज आत येतं. तरी पातळी फारशी चढत नाही, कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी लगेच इन्सुलिन सोडतात. त्यामुळे यकृत साखर तयार करणं आवरतं घेतं, स्नायू ती उचलू लागतात. यकृत आणि स्नायू दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. रिपोर्टातला आकडा तोच राहतो, पण तो राखायला किती राबावं लागलं हे तिथे छापलेलं नसतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासातून दिसलं, की टाइप २ मधुमेहाचं निदान होईपर्यंत बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. (टाइप १ची गोष्ट वेगळी, तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात.)

म्हणून शिबिरात सुईच्या आधी कमरेला टेप लावावी. वजनकाटा आपल्याकडे फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पोटात आणि यकृतात साठणारी चरबीच इन्सुलिनचं काम अवघड करते, आणि तिचा अंदाज कमरेवरून येतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे सावध व्हावं.

मग सरळ इन्सुलिनच का मोजू नये? कारण मोजण्याच्या पद्धती लॅबगणिक बदलतात आणि सर्वमान्य सीमारेषा नाही. पॅकेज विकणाऱ्यांचं तेवढं फावेल. धडधाकट माणसाला उगाच रुग्ण बनवाल, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण टेपनंतर गोळी सुरू करायची नाहीये. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर उचलतो, त्यामुळे रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी पंधरा मिनिटं चाललं तरी स्वादुपिंडावरचा भार हलका होतो. त्यासाठी प्रिस्क्रिप्शन लागत नाही, चालण्याजोगा फूटपाथ लागतो. आणि तो महापालिकेकडेच मागावा लागेल.