मुलांचं खेळणं मुकं असू द्या



आज पाककृती नाही, व्रतकथाही नाही. आज मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. भांडणाचं कारण आहे आपल्या घरातली खेळण्यांची टोपली.

आपण पाणी गाळून पितो. सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतो. बटाटा-कांद्याला घरात येऊ देत नाही. कितीतरी जणींनी साड्यांचं, दागिन्यांचं परिमाण घेतलेलं आहे, याहून जास्त ठेवणार नाही म्हणून. मग एकदा घरातल्या लेकराची खेळणी मोजून बघा. पलंगाखालची, माळ्यावरची, पोत्यात बांधून ठेवलेली, सगळी. परिग्रहाचं व्रत आपण स्वतःपुरतं घेतो आणि तीन वर्षांच्या पोराच्या नावावर अख्खं दुकान करून ठेवतो. आत्या येते ती एक मोटार घेऊन येते, मावशी येते ती गाणारी बाहुली घेऊन येते, आणि वाढदिवसाला तर विचारूच नका. वर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात आपण ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणून आणखी एक प्लास्टिकची पुडी देतो, म्हणजे त्यांच्याही घरचा परिग्रह वाढावा!

पण माझं भांडण नुसत्या संख्येशी नाही. ही खेळणी करतात काय, ते बघा. बटण दाबलं की गाणं लागतं, दिवे लुकलुकतात, गाडी आपोआप भिंतीपर्यंत जाऊन वळते. मूल काय करतं? बटण दाबतं आणि बघत बसतं. खेळतं ते खेळणंच. पंधरा दिवसांत सेल संपतो, चाक निखळतं, मूल कंटाळतं, आणि आपण म्हणतो, “किती आणून दिलं तरी याला पुरतच नाही.” पुरेल कसं? त्या वस्तूत मुलाने करायचं असं काही ठेवलेलंच नाही. गाडीचा आवाज गाडीच काढते, बाहुलीचं बोलणं बाहुलीच बोलते. लेकराला त्यात जागाच नाही.

म्हणून म्हणते, खेळणं मुकं असू द्या. लाकडाचे साधे ठोकळे, चार फळ्या, एक चाकांचा बैल, एक काठी. काठीचा घोडा होतो, तलवार होते, बासरी होते, आजोबांची काठीही होते. बॅटरीच्या घोड्याचं दुसरं काहीच होत नाही.

हे मी जुन्या आठवणींच्या प्रेमापोटी म्हणत नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 साली लहान मुलांसाठी शाळा काढली. त्यातूनच पुढे ‘किंडरगार्टन’ हे नाव आलं. त्यांनी मुलांच्या हातात दिलेली साधनं म्हणजे लोकरीचे चेंडू आणि लाकडी गोळा, घन, नळकांडं, छोटे ठोकळे. बस्स. आणि आपल्याकडच्या ताराबाई मोडक! 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्यांपैकी त्या एक. पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना महागडी साधनं परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंची साधनं केली. आज ‘एज्युकेशनल टॉय’ म्हणून दोन-दोन हजारांना जे विकलं जातं, ते या बायकांनी रानातून वेचून आणलं होतं.

आपल्या आज्यांना तरी कुठे वेगळं माहीत होतं? मूल उभं राहायला लागलं की सुताराकडून तीन चाकांचा पांगुळगाडा यायचा. तो एका मुलाचा नसायचा. थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा चुलत भावाला, असा घरभर फिरायचा. विदर्भात अजूनही तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि भातुकली एकेकाळी लग्नाच्या रुखवतात दिसायची. ही खेळणी बोलत नव्हती. बोलायचं काम मुलांचं होतं.

आता परसाकडे येते. ज्यांच्या घरामागे दहा-बारा फूट मोकळी जागा आहे, त्या भाग्यवान बायका तिथे काय करतात? फरशी घालून घेतात, वर दोन कुंड्या आणि एक लोखंडी झोपाळा. नाहीतर अलीकडची नवी हौस म्हणजे तयार लाकडी खेळघर मागवायचं. त्याला खिडक्या, पडदे, आत खोटा गॅस, दारावर ‘कॅफे’ अशी पाटी. लाकडाचं आहे म्हणून मी त्याचं कौतुक करावं अशी अपेक्षा असते. नाही करणार. ज्या घरावर आधीच कॅफे लिहिलेलं आहे, त्याचं देऊळ कसं व्हायचं? त्याची आगबोट कशी व्हायची? पाहुण्यांना दाखवायला ते उत्तम आहे, पण मुलांना त्यात आठवडाभराचाच खेळ आहे.

त्यापेक्षा असं करा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, चौकटी, फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. आमच्या घरामागे सुताराने अशाच जुन्या सागवानाचं चार बाय पाच फुटांचं मचाण केलं. उंची तीन फूट, तिन्ही बाजूंनी कठडा, चढायला रुंद पायऱ्या, खाली बसायला जागा. जुने खिळे सगळे उपसून काढले, रंधा मारला, कोपरे गोल केले, पॉलिशपेपरने घासून हात फिरवून पाहिलं की कुठे शिलका लागत नाहीत ना. जोड नट-बोल्टचे, त्यांची टोकं आत दडवलेली. खाली वाळूचा जाड थर. पाटी नाही, पडदा नाही, रंगही नाही.

दोन वर्षांत त्या मचाणाचं काय झालं नाही? दुकान झालं, एसटी झाली, दवाखाना झाला, पुरात अडकलेलं घर झालं. आमची नात आणि शेजारची मुलं तिथे महाराजांना आहार देतात. एकजण महाराज होतो, बाकीच्या वाट्या घेऊन उभ्या राहून “नमोस्तु, नमोस्तु” म्हणतात. महाराज झालेला मुलगा सहा वर्षांचा, पण अर्धा तास चळवळ न करता उभा राहतो. घरी तोच मुलगा जेवताना एका जागी बसत नाही!

इथे माझा खरा मुद्दा आहे, आणि तो आपल्या धर्माच्या गाभ्यातला आहे. दया कुठून येते? मुंगीला पायाखाली येताना काय वाटत असेल, हे आपण कधी अनुभवलेलं नसतं. ते मनाने ओळखायचं असतं. आपल्या जागी दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या जागी आपल्याला ठेवून बघण्याची ही ताकद मुलं खेळातूनच कमावतात. जी पोर लाकडाच्या बैलाला पाणी पाजते, “तो दमलाय, त्याला बसू दे” म्हणते, तिने अहिंसेचा पहिला धडा गिरवलेला असतो. पाठशाळेत पाच अणुव्रतं पाठ करून घेण्याआधीचा हा धडा आहे. तो चुकला तर पुढचं पाठांतर कोरडंच राहतं.

आणि ‘खेळच तो, त्यात काय’ असं तुम्ही तरी म्हणू नका. राजा यशोधराची कथा आपण सगळ्यांनी प्रवचनात ऐकलेली आहे. सोमदेवसूरींनी 959 साली ‘यशस्तिलक’ लिहिलं ते याच कथेवर. राजाने जिवंत प्राण्याचा बळी द्यायला नकार दिला, पण आईच्या हट्टासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. त्या संकल्पापायी मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावं लागलं. कोंबडा पिठाचाच होता, पण मनाने मारलेला होता. लेकरांना पापाची भीती घालायला मी हे सांगत नाही. लेकरू अजाण असतं. मी सांगते आहे ते त्याला विकत आणून देणाऱ्या हातांना. दिवाळीत आपण फटाके सोडतो, त्याचे फलक लावतो, आणि त्याच आठवड्यात नातवाला ठो-ठो आवाज करणारी बंदूक आणतो. त्या बंदुकीने दुसरं काय खेळायचं असतं? मनातल्या मारण्याला आपल्या पूर्वसूरींनी इतकं गंभीर मानलं असेल, तर मनातल्या जगवण्यालाही तितकंच मोल असणार की नाही?

आता तुमच्या हरकती. आधी सगळ्यांत वजनदार असलेली घेते. “लाकूड म्हणजे झाड तोडणं. वनस्पतीकायाची हिंसा नाही का?” आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत वनकर्म सांगितलंच आहे. म्हणून तर जुनं लाकूड म्हणते. ते झाड पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच पडलंय. जाळून टाकण्याऐवजी ते आणखी दोन पिढ्या वापरलं, तर नवं झाड वाचतं. आणि प्लास्टिक अहिंसक आहे असं कुणी सांगितलं? उकिरड्यावर गाई-म्हशी काय खातात ते डोळ्यांनी बघा. त्या पंचेंद्रिय आहेत.

दुसरी हरकत कुणी घेत नाही, म्हणून मीच घेते. लाकडी खेळण्यांवरची ती सुंदर चकाकी पुष्कळदा लाखेची असते. चन्नपट्टणची खेळणी त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून ती चकाकी आणतात. लाख हा झाडाच्या फांद्यांवरच्या बारीक किड्यांच्या अंगातून पाझरणारा पदार्थ. तो खरवडून काढताना त्यात असंख्य किडे मरतात. त्या पंधरा धंद्यांत लाक्षावाणिज्यही आहे, ते उगीच नाही. कारागिरांचा मान राखून सांगते, आपण बिनलाखेचं मागायचं. आणि घरच्या सुतारालाही आधीच सांगून ठेवा. त्याचं स्पिरिट पॉलिश ज्या चपड्यापासून होतं, तो चपडा म्हणजे लाखच. त्याऐवजी जवसाचं तेल लावून नीट सुकवून घ्या. रंगवलेलं खेळणं घेतलं तर रंग शिशाचा नाही ना, ते विचारा, कारण लहान मूल सगळं तोंडात घालतं. कारखान्यातल्या खेळण्यावर आयएसआयची खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे.

“वाळवी लागते, मग औषध मारावं लागतं.” लागू नये अशी व्यवस्था आधी करायची, हीच तर आपली यतना. खांब मातीत गाडू नका, दगडी पायावर टेकवा. खाली हवा खेळू द्या. पावसाळ्यात ओल धरू देऊ नका, आणि मुलं खेळायला जाण्याआधी मऊ केरसुणीने हलक्या हाताने झाडून घ्या. हे काम मुलांनाच सांगा. कोळ्याला उचलून बाजूला ठेवणं हा त्यांच्या खेळाचाच भाग होतो.

“आम्ही फ्लॅटमध्ये, परस कुठून आणू?” मग परस नका आणू. दीड हात लांबीच्या सहा फळ्या, वीस-पंचवीस ठोकळे आणि एक जुनी चादर गॅलरीत ठेवा. दोन खुर्च्यांवर चादर पडली की गुहा तयार होते. मंदिराच्या आवारात पाठशाळेच्या मुलांसाठी असं एक मचाण करायला काय हरकत आहे? पंच मंडळी फरशीला, कमानीला देणग्या गोळा करतातच. एक देणगी बायकांनी मुलांच्या नावाने मागून घ्यावी.

“मूल पडेल.” तीन फुटांवरून वाळूत पडलं तर रडेल आणि पुन्हा चढेल. “स्पर्धेचं जग आहे, खेळण्यातूनही काही शिकलं पाहिजे.” ज्या पोरीने सहा फळ्यांची एसटी केली, तिकिटं फाडली, सुट्ट्या पैशांवरून भांडण केलं आणि ते मिटवलं, ती काही शिकली नाही असं वाटत असेल, तर तुम्ही एकदा तिच्या एसटीत बसून या.

दशलक्षण पर्व जवळ आलं आहे. आकिंचन्य धर्माच्या दिवशी मोठ्यांनी काय सोडायचं, ते तुम्हाला सांगायला नको. यंदा त्या दिवशी मुलाला जवळ घेऊन खेळण्यांची टोपली उपडी करा. बोलणारी, लुकलुकणारी, गोळ्या झाडणारी बाजूला काढा. मुलाला विचारून, रडवून नव्हे. उरलेली एका पाटीत मावली पाहिजेत, एवढंच परिमाण ठेवा. आणि पुढच्या वाढदिवसाला आत्याने “काय आणू?” म्हणून फोन केला, तर तिला सुताराचा नंबर द्या.

जय जिनेंद्र!