बॉडी कधी घालायची, कधी काढायची?

आमच्या आळंदकडे बऱ्याच घरांत ब्राला अजूनही 'बॉडी' म्हणतात, आणि तो शब्द आला की आवाज आपोआप खाली जातो. सल्ला मात्र ठाम असतो: रात्रीसुद्धा घालून झोप, नाहीतर छाती ओघळेल. ऐन मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, पंधरा-सोळा वर्षांच्या मुली हे पाळतात. म्हणून मैत्रिणींनो, यावेळी हाच विषय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण भार कशावर पडतो, हा प्रश्न बीई केल्यापासून डोक्यातून जात नाही.

स्तनाच्या आत उचलून धरणारा स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी, वरची त्वचा आणि आतले धरून ठेवणारे तंतू, एवढंच. वय वाढतं, वजन वर-खाली होतं, बाळंतपणं होतात, तशी त्वचा आणि तंतू सैल पडतात. ब्रा अंगावर असेपर्यंत आधार देते. ती घातल्याने पुढे ओघळणं टळतं, असं सिद्ध झालेलं नाही. 2013 मध्ये फ्रान्समधल्या बेझाँसोंच्या डॉ. रुइयों यांनी तीनशेहून अधिक तरुणींच्या मोजमापांवरून उलटंच सांगितलं, की ब्रा सोडल्याने काही बिघडलं नाही. अर्थात ते प्राथमिक निष्कर्ष होते, आणि सगळ्यांनी ब्रा सोडावी असं त्यांचंही म्हणणं नव्हतं.

दुसरी समजूत मला जास्त खुपते. बाळंतिणीला सांगतात, 'लई दिवस पाजू नको, बांधा बिघडतो.' अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं. ओघळण्याशी संबंध दिसला तो वय, गरोदरपणांची संख्या, वजन, स्तनांचा आकार आणि धूम्रपान यांचा. अंगावर पाजण्याचा नाही. म्हणजे जे व्हायचं ते गरोदरपणातच होतं, आणि दूध तोडलं जातं ते मात्र लेकराचं!

मग घालायची कधी? धावताना, उड्या मारताना नक्की. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलींनी बुटांइतकाच स्पोर्ट्स ब्राचाही विचार करावा. स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांनी हलतात आणि दुखतात. छाती जड असेल, पाळीआधी ठणकत असेल, दूध भरून येत असेल, तेव्हाही आधार बरा वाटतो. झोपताना गरज नाही. घालावीशी वाटली तर सैल, सुती, बिनतारेची. घामाने स्तनाखाली चट्टे उठतात, खाज सुटते, बुरशी होते. तिथली त्वचा कोरडी ठेवायची आणि बॉडी परकराखाली लपवून न वाळवता उन्हात टाकायची. बघणारे बघू देत.

एका बाजूला गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, तर मात्र लाजत न बसता डॉक्टरकडे जायचं.

आज्ज्यांच्या गुळेदगुड्डी खणाच्या चोळीची गाठ छातीखाली बसायची. आधार खालून मिळायचा. ब्रातही मुख्य भार खालच्या पट्ट्यानेच घ्यायचा असतो. खांद्यावर वळ उठत असतील तर बहुतेक वेळा पट्टा सैल असतो. कलबुर्गीला किंवा सोलापूरला खरेदीला जाल तेव्हा नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसते का ते बघा. इलास्टिक पुढे सैल होतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात.