सोलर बंद पडले की बंद ठेवले?



लाइन गेलेली, बाहेर कडक ऊन, छतावरची पॅनेल तापताहेत आणि इन्व्हर्टर मात्र ठप्प! वसई-विरारच्या बंगल्यापासून यवतमाळच्या वाडीपर्यंत सोलरवाल्याला हा प्रश्न पडतो. मशीन बिघडले म्हणून तो विक्रेत्याला फोन लावत बसतो. आमचे म्हणणे असे, की पुष्कळदा मशीन बिघडलेले नसतेच. खोट असते ती विक्रीच्या व्यवहारात.

महावितरणच्या लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून थांबतो. थांबलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनमध्ये शिरेल आणि खांबावर चढलेला लाइनमन जिवाला मुकेल. डीपीवर फ्यूज घालताना माणसे गेलेली आपण पाहिली आहेत, त्यामुळे हे आपल्याला निराळे समजावून सांगायला नको. पण विकताना हे सांगतो कोण? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेले, वीज बंद झाली. अशा वेळी हे सोलर घरात एक दिवाही लावू शकत नाही. त्यासाठी बॅटरीचा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान एका किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये आहे. ते पॅनेलच्या ताकदीवर मोजतात, बॅटरीवर नाही.

लाइन आहे, ऊन आहे, तरी चालू होत नाही, तर आधी पडदा पाहा. पडदा उजळला आहे पण वीज बनत नाही, तर दोष बहुधा लाइनच्या बाजूला. एसीच्या पेटीतला एमसीबी पडला असेल, किंवा व्होल्टेज कमी-जास्त असेल. लाइन नुकतीच आली असेल तर काही मिनिटे थांबा. इन्व्हर्टर स्वतः खात्री करूनच जोडतो. भर उन्हात पडदाच काळा असेल तर दोष पॅनेलच्या बाजूला शोधावा: डीसीचा स्विच, फ्यूज, वायरचे जोड. (रात्री पडदा काळा असणे हा बिघाड नव्हे!) वसईला खाऱ्या हवेने जोड गंजतात, आपल्याकडे उंदीर वायर कुरतडतात. पडद्यावर आकडा किंवा अक्षरे आली तर ती जशीच्या तशी लिहून घ्या. पेटी मात्र उघडू नका आणि चालू स्थितीत जोड ओढू नका. पॅनेलच्या वायरीत उन्हात शेकडो व्होल्ट असतात, आणि स्विच पाडला तरी त्या जिवंतच राहतात.

शेतातल्या सोलर पंपाला लाइनशी देणेघेणे नाही, पण गोष्ट तीच. फाल्गुनात विहीर तळाला गेली की कंट्रोलर पंप थांबवतो, मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून. आपण म्हणतो, पंप गेला. पण कपाशी बोंडात असताना विहिरीत पाणी आहे आणि कंट्रोलर खरोखरच मेला, तर तुमच्या घरचे एक पाणी हुकते आणि त्याचा तोटा कंपनीच्या वहीत कुठेच चढत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के, आणि दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. ही हमी म्हणजे उपकार नव्हे. ती किमतीत धरलेली आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पेटीवर बिघाडाच्या आकड्यांचा अर्थ मराठीत चिकटवा. लाइन गेल्यावर हे चालेल की नाही, ते पावतीवर लिहून द्या. आणि तालुक्याला बदली कंट्रोलर ठेवा. बैठकीला येताना ज्यांचे सोलर बंद आहे त्यांनी हमीपत्र, बसवल्याची तारीख, पडद्यावरचा आकडा आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन यावे. तोंडी तक्रार केली असेल तर येण्याआधी लेखी करा आणि पोच घ्या.