ते टॉनिक नव्हे, जेवणच!

आतडं निकामी झालेल्या माणसाचं जेवण शिरेतून जातं, सलाईनसारख्या पिशवीतून. घरी ती लावायचं काम बहुधा बाईवरच येतं. जीवनसत्त्वांचं इंजेक्शन त्यात वेगळं मिसळावं लागतं, आणि खर्च वाढला की घरातली माणसं आधी त्यालाच कात्री लावायला बघतात. ‘साखर, प्रथिनं जाताहेत ना, मग?’ असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका, मैत्रिणींनो. अमेरिकेत १९९७ साली या इंजेक्शनांचा तुटवडा होता. थायमिन म्हणजे ब-१ न मिळाल्यानं काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साचलं, जिवावर बेतलं. शरीरातला ब-१चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वर नुसती साखर जात राहिली की तोही भराभर संपतो. म्हणून दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात येईल’ म्हणाला, तर वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावा.